मागे घेतलेले हात

रविवार, दिनांक २ फेब्रुवारी २०२५ रोजी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी, केडगावात, पुणे रस्त्यापासून तिसऱ्या गल्लीतील एका बैठ्या घराच्या ओट्यावर, सत्यवान भिंगारदिवे यांनी आपल्या पाच महिन्यांच्या नातीला, स्टेलाला, घेण्यासाठी पुढे केलेले हात मागे घेतले. घटना एवढीच. बाळ पडले नाही, कारण सुकन्येने, म्हणजे त्यांच्या सुनेने, ते अजून पुरते सोडलेले नव्हते. तिला फक्त दाराला कुलूप लावायचे होते. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा उभी होती, रिक्षात त्यांचा मुलगा जोएल घड्याळ पाहत होता आणि दहाच्या ठोक्याला चर्चमधली उपासना सुरू व्हायची होती. "घ्या पप्पा हिला जरा," असे म्हणून तिने बाळ पुढे केले होते, आणि त्या म्हणण्यात विनंतीसुद्धा नव्हती. घरातले माणूस घरातल्या माणसाला पाण्याचा तांब्या देते तितक्या सहज तिने ते केले होते.

"हात ओले आहेत माझे," सत्यवान म्हणाले.

हात ओले नव्हते. सुकन्येने ते पाहिले, सत्यवानांनी तिला पाहताना पाहिले, आणि मग तिने बाळाला डाव्या कमरेवर घेऊन एका हाताने कुलूप लावले. कुलूप दोनदा निसटले. दोन्ही वेळा सत्यवान जवळ उभे होते आणि दोन्ही वेळा त्यांचे हात खिशात होते.

रिक्षा शहराकडे निघाली तरी त्यांच्या मनात तो अर्धा क्षणच चालू राहिला. तांत्रिक विद्यालयात एकतीस वर्षे सुतारकाम शिकवलेल्या माणसाला अर्ध्या क्षणाचे मोल सांगावे लागत नाही. करवत सूतभर हलली, म्हणजे इंचाचा आठवा भाग, तर चौकटीचा सांधा आयुष्यभर उघडा राहतो, हे त्यांनीच मुलांना शिकवले होते. तो अर्धा क्षण त्यांनी ठरवून घडवलेला नव्हता. हातांनी परस्पर केला होता. आणि म्हणूनच तो त्यांना अधिक भयंकर वाटत होता, कारण हात मागे घेण्याची ही रीत त्यांना नवी नव्हती. ती त्यांनी फार लहानपणी, दुसऱ्याच एका हातासमोर शिकून घेतली होती.

दिवाळी उलटल्यावर आठवड्याभरात डाव्या हाताच्या बोटांच्या बेचक्यात पहिला चट्टा उठला. तांबूस, किंचित उंच, कडेला बारीक सालपट सुटलेला. नव्या लाकडाचा भुसा बाधला असेल म्हणून त्यांनी खोबरेल लावले. मग उजवा हात, मग मनगट, मग कानामागची कातडी, आणि नाताळच्या सुमारास पापण्या. खाज इतकी की उपासनेत दीर्घ प्रार्थना चालू असता ते बाकाखाली एका हाताचे नख दुसऱ्या हातावर फिरवीत. पण खाजेची त्यांना भीती वाटली नाही; भीती वाटली ती एका सकाळी कामाच्या खोलीत एकटे असताना, जेव्हा त्यांनी कोटाला लावायची टाचणी घेतली आणि अंगठ्याच्या पोटात टोचली. काही कळले नाही. अधिक दाबली, तरी कळले नाही. तर्जनीतही नाही. टाचणीचे डोके अंगठ्यावर उभे राहिले आणि सत्यवान तिच्याकडे, कोण्या परक्या माणसाच्या बोटात टोचलेली असावी तसे पाहत राहिले. त्यांनी टाचणी पुसून पुन्हा डबीत ठेवली, डबीवर झाकण लावले, आणि ज्या शब्दाचा उच्चार घरात पन्नास वर्षे झाला नव्हता तो शब्द मनात उच्चारला.

महारोग. त्यांच्या आजोबांना तो झाला होता. पुंजाराम भिंगारदिवे गावाच्या शिवेवर एका खोपीत राहत. त्यांचे जर्मनचे, म्हणजे ॲल्युमिनियमचे ताट वेगळे होते. ते घरात येत नसे, दगडी कुंपणाच्या एका कोनाड्यात राही, आणि त्यात भाकरी वरून टाकली जाई. जे घराणे तीन पिढ्यांपूर्वी प्रभूच्या मेजाला सगळे सारखे म्हणून ख्रिस्ती झाले, ज्यातल्या सत्यवानांच्या पणज्याने दुसऱ्यांच्या वळचणीला टांगलेल्या आपल्या वेगळ्या कपाचा धसका घेऊन तो रस्ता धरला, त्याच घराण्याने आपल्या बापासाठी कुंपणात कोनाडा केला. कोणी दुष्ट नव्हते. सगळे भ्यालेले होते. भिंगारदिव्यांच्या घरात अशी पद्धत की बाप्तिस्म्याच्या वेळी मूल पाळकांच्या हाती द्यायचे ते आजोबाने. पण सत्यवानांच्या बाप्तिस्म्याला पुंजाराम चर्चच्या कुंपणाबाहेर, कडुलिंबाखाली बसून होते, असे आई सांगे. सांगताना तिचा आवाज फार मऊ होई आणि ती लगेच दुसरा विषय काढी.

म्हणून डिसेंबरच्या शेवटी सत्यवानांनी आपले ताट स्वतः धुवायला आणि कामाच्या खोलीच्या खिडकीत ठेवायला सुरुवात केली. कोणी सांगितले नव्हते. स्टेलाच्या पाळण्याजवळ जाण्याआधी ते मोरीत लिंबाच्या वासाच्या द्रवसाबणाने हात धूत. आधी दोनदा, मग पाचदा, मग दिवसातून पंधरा वेळा. धुतलेले हात हुंगून पाहत. वास लिंबाचा आला की स्वच्छ झाल्यासारखे वाटे आणि तरीही ते बाळाला घेत नसत, नुसते वाकून पाहत, हात पाठीमागे बांधून. हात धुतल्याने चट्टे वाढतात हे त्यांच्या लक्षात आले होते. त्याचा अर्थ त्यांनी असा लावला की रोग आता साबणालाही जुमानीत नाही. जवळ पुरावा असून माणूस तो नेमका उलटा वाचतो, तेव्हा दोष पुराव्याचा नसतो. वाचणाऱ्याने निकाल आधीच लिहून ठेवलेला असतो.

उपासना संपल्यावर मंडळी अंगणात उतरली. इथे हात हातात घेऊन 'जय ख्रिस्त' म्हणण्याचा प्रघात. दीडशे माणसे एकमेकांचे हात हलवीत फिरतात. सत्यवान कोपऱ्यात हात जोडून उभे राहिले. त्यांच्या शाळेतले जुने सहकारी नोहा पाटोळे लांबूनच ओरडले, "काय हो सर, नगरपालिकेला उभे राहताय की काय? महिना झाला, नुसते हात जोडून फिरताय!" आजूबाजूचे हसले. सत्यवानही हसले. तेवढ्यात पाळकसाहेबांनी आठवण दिली की सोळा तारखेला जोएलच्या कन्येचा बाप्तिस्मा, सगळ्यांनी यावे. नोहा म्हणाले, "म्हणजे सोळाला तरी हात सुटतील तुमचे." सत्यवानांना एकदम कडुलिंबाचे झाड दिसले, ज्या झाडाखाली ते कधी बसले नव्हते आणि जे त्यांना कोणी दाखवलेही नव्हते.

दुपारी जोएल नागापूरला दुसऱ्या पाळीला गेला. बाळ झोपले. सत्यवानांनी जेवून ताट उचलले आणि मोरीकडे निघाले, तेव्हा सुकन्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन उभी राहिली. ती पाथर्डीकडची, कोरडवाहू शेतकऱ्याची मुलगी. तिचे आईबाप दर हंगामाला श्रीगोंद्याच्या बाजूला ऊसतोडीला जात आणि तीही दहावीपर्यंत उसाच्या पाचटाच्या कोप्यांमध्ये, म्हणजे झोपड्यांमध्येच वाढलेली. जोएलशी लग्न केले म्हणून माहेरचे दीड वर्ष तिच्याशी बोलत नव्हते.

"पप्पा, एक इचारते. राग धरू नका."

"विचार."

"तुमचं ताट येगळं का हाय?"

"आपलं ताट आपण धुवावं. त्यात काय."

"धुता त्ये दिसतंय मला. ठेवता कुठं? त्या लाकडाच्या खोलीत. आमच्यात न्हाई ठेवत. म्या आंधळी हाय व्हय?" तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "माझ्या माहेरी म्हनत्यात, पोरगी बाटली. आन् हितं बघावं तर माझ्या भांड्यांत तुमचं ताट बसत न्हाई. लेकीला हात लावत न्हाई. आज तर देत हुते तरी घेतली न्हाई. मंग आमी दोघी हाये तरी कुठल्या? तेवढं सांगा, मंग म्या गप बसते."

सत्यवान वादात हार जाणारे गृहस्थ नव्हते. शाळेत मुख्याध्यापकांशी लाकडाच्या दर्जावरून त्यांनी सहा वर्षे भांडण केले होते आणि जिंकले होते. पण या प्रश्नावर त्यांनी हातातल्या ताटाकडे पाहिले. आपण आपले ताट वेगळे केले ते दुसऱ्यांना वाचवण्यासाठी, असे ते समजत होते. आणि दुसऱ्या बाजूने पाहणाऱ्याला त्या ताटात फक्त वेगळेपण दिसत होते, जसे ते सदैव दिसत आलेले आहे. कोनाड्यातल्या ताटाकडे पुंजाराम कोणत्या बाजूने पाहत असतील, हे त्यांच्या मनात प्रथमच आले. त्यांनी ताट खाली ठेवले, बाह्या सारल्या आणि दोन्ही हात तिच्यापुढे उजेडात धरले. मग सांगितले. आजोबा, खोप, टाचणी, सगळे चार वाक्यांत.

सुकन्येने त्यांचा उजवा हात धरला. सत्यवानांनी तो मागे ओढला. तिने सोडला नाही. कोयत्याची धार बघावी तसा तो खिडकीकडे वळवून तिने पाहिला.

"लई आग होती?"

"खाज."

"आन् ह्ये जोएललाबी बोलला न्हाई?"

"काय बोलणार?"

"माझी आई दरसाली पाचट उचलून उचलून हाताची सालं काढती. रगात येतं. आमी काय तिचे हात टाकून देतो?" मग तिने ते ताट उचलले, सत्यवानांचे उष्टे ताट, विसळले, त्यात स्वतःसाठी भात आणि मटणाचा रस्सा वाढून घेतला आणि तिथेच उंबऱ्यात बसून जेवू लागली. सत्यवान "अगं, अगं" करीत राहिले. तिने घास गिळून सांगितले, "उद्या दवाखान्यात जायचं. म्या येते संगं. तुमी एकलं गेलात तर डागदरालाच शिकवून याल."

ते बघत उभे राहिले. आपल्या ताटात कोणी जेवते आहे या दृश्याने माणसाच्या छातीत काय काय हलू शकते, याचा त्यांनी कधी विचार केला नव्हता. खाज होतीच, पण तिच्या तळाशी काही तरी सैल झाले होते, लाकडावर फार घट्ट आवळलेल्या शिकंज्याची मूठ एक आटा उलटी फिरावी तसे.

सावेडीतल्या त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टर अश्विनी कराळे या वयाने जोएलएवढ्या होत्या. त्यांनी हात, कान, पापण्या पाहिल्या आणि विचारले, "तुम्हाला स्वतःला काय वाटतं, काय असेल?" सत्यवानांनी तो शब्द मोठ्याने उच्चारला आणि खाजेचे, टाचणीचे सांगितले. डॉक्टर दचकल्या नाहीत. त्यांनी डोळे मिटायला सांगून कापसाची वात एकेका चट्ट्यावरून फिरवली. लागलं? लागलं. इथे? लागलं. मनगटावर टोकदार काहीतरी टोचले तेव्हा सत्यवान खुर्चीवरून उडालेच.

"मग टाचणी टोचलेली कळत नव्हती ती कुठे?"

"अंगठ्याला. आणि ह्या बोटाला."

डॉक्टरांनी त्यांचा अंगठा दाबून पाहिला. "काम काय करता?"

"सुतारकाम. एकतीस वर्षे शिकवलं. अजून करतो."

डॉक्टर हसू लागल्या. "सर, ह्या अंगठ्यात खिळा ठोकला तरी तुम्हाला दुसऱ्या दिवशी कळेल. ही कातडी राहिलीय कुठे? सागवान झालंय. आणि चट्ट्यांना खाज येते म्हणताय ना? तुमच्या मनातल्या त्या रोगात चट्टा मुका होतो. तुमचा तर ओरडतोय."

"म्हणजे तो रोग नाही?"

"मला तसं दिसत नाही."

"'दिसत नाही' आणि 'नाही' यांत अंतर आहे, डॉक्टर."

"सांगितलं हुतं म्या," सुकन्या पुटपुटली.

"आहे ना अंतर," डॉक्टर म्हणाल्या. "म्हणून तपासणी करू. पण एक सांगते. तो असता, तरी काय? गोळ्या आहेत, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. गोळ्या सुरू झाल्या की दुसऱ्याला लागत नाही, माणूस बरा होतो. ताटं वेगळी करायचे दिवस गेले." आठवड्याने, मंगळवारी अकरा तारखेला, पाठीवर पट्ट्या लावायच्या, प्रत्येक चौकटीत एकेक पदार्थ, गुरुवारी काढायच्या, शनिवारी शेवटचे वाचन. तोवर साधे व्हॅसलिन आणि अंघोळीला नुसते पाणी, आणि पट्ट्या लागल्या की तेही पाठीला नाही. "आणि शनिवारी येताना घरात ज्या ज्या वस्तूला वास आहे, ती ती घेऊन या."

शनिवार पंधरा तारीख होती, बाप्तिस्म्याचा आदला दिवस. सत्यवानांनी मनाशी ठरवले की वाचन होईपर्यंत बाळाला हात लावायचा नाही. जोएल चिडला, "पप्पा, डॉक्टर म्हणाल्या ना काही नाही!" पण एकदा अर्धवट मोजून कापलेले लाकूड पुन्हा जोडता येत नाही. त्यांना पूर्ण माप हवे होते.

पट्ट्यांचे ते चार दिवस त्यांनी बहुतेक पालथे पडून काढले. पाठीवरच्या चौकटी मधूनमधून चुरचुरत, आणि त्यांना वाटे, कोणी तरी आपल्या पाठीवर काही लिहीत आहे आणि ते आपल्याला शनिवारपर्यंत वाचायला मिळणार नाही. साबण बंद, पावडर बंद, तेल बंद. दुसऱ्या दिवशी उशीत तोंड खुपसले असता त्यांना स्वतःचा वास आला: घाम, भुसा, आणि खाली कुठे तरी ओल्या मातीसारखा एक जुना वास. तो त्यांनी ओळखला. खोपीतही तो होता. पण खोपीत तो कधीच नुसता नसे. आई तिथे जाण्याआधी ऊद जाळी, बापाने कुंपणापर्यंत फिनेल शिंपडलेले असे, आणि गावाकडून येणारा वारा या दोन वासांच्या भिंतीला धडकून परते. आपल्या भीतीला लोक नेहमी सुवास लावतात. एके दिवशी सात वर्षांचे सत्यवान कोनाड्यात भाकरी टाकून वळत असता पुंजारामांनी त्यांच्याकडे हात पुढे केला होता. तळहातावर गुळाचा खडा होता. बोटे आखूड झालेली. सत्यवानांचा हात गुळाकडे गेला आणि अर्ध्यातून मागे आला. पुंजाराम रागावले नाहीत. त्यांनी खडा कोनाड्यात ठेवला आणि ते चार पावले मागे सरले, पोराने तो निर्धास्तपणे उचलावा म्हणून. सत्यवानांनी तो उचलला की नाही, हे त्यांना या वयातही आठवत नव्हते. इतके मात्र पहिल्यांदाच उमगले की मागे सरले होते ते आजोबा, आणि ते प्रेमाने सरले होते; आणि आपण या दोन महिन्यांत बाळापासून सरत होतो तेही बहुधा तसेच. उशीत तोंड घालून ते थोडे रडले. हुंदक्याने पट्टी ओढली गेली, तशी पाठ चुरचुरली, आणि ते चटकन थांबले. वाचन बिघडले असते.

शनिवारी सुकन्येने बाटल्या साखरेच्या रिकाम्या पोत्यात भरून आणल्या. रिक्षावाल्याने विचारले, "ताई, दुकान बदललं का?" एका हातात पोते, दुसऱ्या हातात स्टेला. पोते सत्यवानांनी घेतले.

डॉक्टरांनी पाठ भिंगातून पाहिली. "बाकी सगळं कोरं. एक चौकट लाल आहे आणि चांगली फुगलीय." त्यांनी मोबाइलवर फोटो काढून सत्यवानांना दाखवला. त्यांच्या रुंद, सावळ्या पाठीवर मंगळसूत्राच्या वाटीएवढे एक लाल वर्तुळ. "ही सुगंधी द्रव्यांची चौकट. साबणात, पावडरीत वास यावा म्हणून जे घालतात, ते तुमच्या कातडीला चालत नाही. ॲलर्जी आहे. कुणाला लागत नाही, कुणाकडून आलेली नाही. जाणार नाही, पण वास टाळला की चट्टे उठणार नाहीत."

मग पोते उघडले. लिंबाचा द्रवसाबण बाजूला. दाढीनंतरचे पाणी बाजूला. बाळाची पावडर बाजूला. शेवटी कपडे धुतल्यावर पाण्यात घालायच्या सुगंधी द्रवाची निळी बाटली, मोठी, जवळजवळ रिकामी.

"हे किती घालता?"

"चार टोपनं," सुकन्या म्हणाली.

"एक लिहिलंय."

सुकन्येने बाटली हातात घेऊन फिरवली. मग खाली बघत म्हणाली, "पप्पांच्या कपड्यांना जास्तच घालते म्या. दिवाळीपासनं, मोठी बाटली आनल्यापासनं." आणि डॉक्टरांकडे नव्हे, सासऱ्यांकडे पाहून, "लगीन होऊन आले तवा माझी पेटी उघडली नि तुमी म्हनला हुता, जोएल, हिच्या कपड्यांना धुराचा वास येतोय, उन्हात टाक. आठवतंय?"

आठवत होते. नको असताना, अगदी शब्दाशब्दाने आठवत होते. त्या पेटीत ऊसतोडीच्या कोप्यांतल्या चुलींचा धूर होता, आणि त्यांनी ते वाक्य कीड लागलेली फळी बाजूला करावी तशा स्वरात उच्चारले होते. तेव्हापासून ही मुलगी या घरातल्या प्रत्येक कापडावर, उशीवर, टॉवेलवर, त्यांच्या सदऱ्याच्या कॉलरवर वास ओतत होती. कोपी धुऊन निघावी म्हणून, आपण या घरातले व्हावे म्हणून. आणि तो वास त्यांच्या कानामागे, पापण्यांवर, बोटांच्या बेचक्यांत जाऊन बसला होता.

"म्हंजी म्याच केलं म्हनायचं ह्ये," सुकन्या म्हणाली.

"नाही. मी केलं. तू फक्त माझं ऐकलंस." आणि वाद संपला असे वाटू नये म्हणून की काय, त्यांनी जोडले, "धुराच्या वासाला काही ॲलर्जी नव्हती माझी. उगीच बोललो."

तिला हसू आले. डोळे पुसायला तिने पदर उचलला, मग पदराला त्याच निळ्या बाटलीचा वास आहे हे ध्यानात येऊन खाली सोडला आणि मनगटाने पुसले.

"ते घरी ठरवा," डॉक्टर चिठ्ठी लिहीत म्हणाल्या. "बाहेर बारा पेशंट आहेत. लावायचं मलम आणि बिनवासाच्या साबणाचं नाव लिहिलंय. आणखी काही विचारायचंय?"

विचारायचे होते. पन्नासांहून अधिक वर्षांचे विचारायचे होते. पण त्यांतले बहुतेक विचारायला आता कोणी राहिले नव्हते, आणि आश्चर्य असे की त्याचे ओझे वाटत नव्हते. सत्यवान उठले. सदऱ्याची बटणे लावायची राहिली होती. बाळाने सुकन्येच्या मांडीवरून त्यांच्याकडे, त्यांच्या त्या लाल, सोललेल्या, खरखरीत हातांकडे पाहिले आणि तोंडात मूठ घातली.

"हिला घेतलं तर चालेल?" त्यांनी विचारले. सुकन्येने तोवर बाळ पुढे केले होते आणि त्यांचे हात, या वेळीही त्यांना न विचारता, पुढे झाले होते.

"घ्या," डॉक्टर म्हणाल्या. "पावडर तेवढी बंद करा."